लेबलावर नसलेली नावं

नदीतल्या एखाद्या गोट्यावरचं शेवाळ खरवडून पांढऱ्या बशीतल्या पाण्यात सोडावं आणि हात न लावता बघत राहावं. थोड्या वेळाने त्या हिरव्या गुंत्यातला एक कण चालायला लागतो. तो कण म्हणजे एक घर असतं. घराच्या फटीतून डोकं आणि सहा पाय बाहेर काढून एक अळी ते ओढत निघालेली असते. कॅडिसफ्लाय या कीटकगणातलं हे सगळ्यांत लहान चणीचं कुल. त्याचं शास्त्रीय नाव हायड्रोप्टिलिडी. पूर्ण वाढलेला कीटक बहुधा दोन ते चार मिलिमीटरचा, अंगभर केस, अरुंद पंख आणि पंखांच्या कडेला पंखाच्या रुंदीहूनही लांब केसांची झालर. संध्याकाळी नदीकाठच्या घरातल्या दिव्यावर जी चिलटं येतात, त्यांत हा असतो. त्याला कुणी वेगळा म्हणून ओळखत नाही.

माझी पीएच.डी., माझी नोकरी आणि नोकरीनंतरची वर्षंही या कुलानेच व्यापली. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, प्रवरेच्या उगमापासून खालच्या पाझर तलावांपर्यंत मी याच्या मागे फिरले. त्याबद्दल जे शास्त्रीय लिहायचं होतं ते लिहून झालं आहे. ज्यांनी मला या जिवापर्यंत नेलं त्यांच्याबद्दल मात्र कुठे लिहिता आलं नाही, कारण शोधनिबंधात त्याला जागाच नसते. शेवटच्या पानावर आभाराच्या दोन ओळी असतात, त्यांत 'प्रयोगशाळेतील कर्मचारी' असे दोन शब्द बसतात. त्या दोन शब्दांमागे कोण होतं ते मला आता सांगायचं आहे.

आधी या कुलाची थोडी ओळख. १७५८ साली लिनियसने कॅडिसफ्लाय जाळीदार पंखांच्या कीटकांत घातले होते. १८१३ साली विल्यम किर्बी यांनी त्यांचा स्वतंत्र गण केला, ट्रायकॉप्टेरा, म्हणजे केसाळ पंखांचे. फुलपाखरं आणि पतंग हे यांचे सगळ्यांत जवळचे नातेवाईक. तिथे पंखांवर खवले, इथे केस. दोन्हींच्या अळ्या तोंडाजवळच्या ग्रंथींतून रेशीम काढतात, फक्त कॅडिसची अळी ते पाण्याखाली काढते आणि तिथेच चिकटवते. ओल्या दगडाला काही चिकटवून बघा, म्हणजे ही किती अवघड गोष्ट आहे ते कळेल. या रेशमाच्या प्रथिनात फॉस्फेटचे गट असतात आणि कॅल्शियमशी त्यांची सांगड बसते म्हणून ते पाण्यात टिकतं, असं अमेरिकेत यूटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली मांडलं. ट्रायकॉप्टेरा गणात आजवर सोळा हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्यांत सर्वाधिक जाती असलेलं कुल म्हणजे हेच हायड्रोप्टिलिडी. दोन हजारांच्या वर जाती. अंगाने सगळ्यांत लहान आणि संख्येने सगळ्यांत मोठं.

प्राणिशास्त्रात नावापुढे नाव देणाऱ्याचं आडनाव आणि वर्ष लिहायची रीत आहे. हायड्रोप्टिला, डालमान, १८१९. हायड्रोप्टिलिडी, स्टीफन्स, १८३६. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं ऋण आम्ही प्रत्येक निबंधात असं फेडतो, आणि ही रीत मला मनापासून आवडते. पण ती नाव देणाऱ्यापुरतीच आहे. ज्याने तो जीव प्रथम दाखवला, ज्याने तो जिवंत ठेवला, ज्याच्या ओसरीवर त्या रात्री चादर टांगली होती, त्यांच्यासाठी अशी रीत नाही.

मामा नगरच्या आमच्या महाविद्यालयात प्रयोगशाळा परिचर होते. प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र या दोन्ही विभागांना लागणारा जिवंत माल तेच आणायचे. बेडूक, गांडुळं, हायड्रा, स्पायरोगायरा, हायड्रिला. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. आपलं नाव छापून यावं हे त्यांना कधी आवडलं नाही आणि त्यांच्या मुलानेही मला तेच सांगितलं. विद्यार्थी त्यांना मामा म्हणत, मीही मामाच म्हणते.

ते पारनेर तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून कुटुंबासह दुष्काळी कामावर आले. आधी खडी फोडली, मग एका पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली. त्यानंतर कुणाच्या तरी ओळखीने महाविद्यालयात लागले. शिक्षण सातवीपर्यंत. त्या पाझर तलावात पुढे पाणी साठलं, कडेच्या उथळ पाण्यात शेवाळ धरलं, आणि मामा सुट्टीला गावी गेले की येताना तिथलं शेवाळ बरणीत घेऊन येत. स्पायरोगायराच्या प्रात्यक्षिकाला वर्षानुवर्षं त्या तलावातलं शेवाळ वापरलं गेलं. आपण खणलेल्या तळ्याचं पाणी मुलांच्या सूक्ष्मदर्शकाखाली जातं याचं त्यांना समाधान होतं. तसं त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण बरणी टेबलावर ठेवताना ते गावाचं नाव हटकून सांगत.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होते, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. प्रात्यक्षिक संपलं की उरलेलं शेवाळ मोरीत ओतायचं असा शिरस्ता होता. मामा ते ओतत नसत. खिडकीत, ऊन थेट येणार नाही अशा जागी, काचेच्या पसरट भांड्यात ठेवत आणि रोज त्यात बघत. एक दिवस त्यांनी मला हाक मारली. "ताई, ह्ये बघा. हा जिथं बसतो तिथलं शेवाळ पांढरं पडतंय. खात न्हाई, तुकडा पडत न्हाई, पण रंग जातोय."

मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. स्पायरोगायराचा धागा अखंड होता. पेशींच्या भिंती जागच्या जागी होत्या. आतली हिरवी मळसूत्री पट्टी मात्र एका पेशीतून नाहीशी झाली होती, मग पुढच्या पेशीतून, मग त्याच्या पुढच्या. अळी जबड्याने पेशीची भिंत भोसकून आतलं द्रव्य शोषून घेत होती. एक पेशी रिकामी झाली की पुढची. हायड्रोप्टिलिडी कुलातल्या कितीतरी प्रजाती (जीनस) अशाच जगतात, हे मी पुढे पुस्तकांत वाचलं. पण वाचण्याच्या कितीतरी आधी ते मला एका सातवी शिकलेल्या माणसाने दाखवलं होतं, आणि त्याने ते भिंगाशिवाय, फक्त शेवाळाच्या रंगावरून ओळखलं होतं. निरीक्षण म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. पुढे मी अनेक परिषदांना गेले, मोठमोठ्या माणसांची भाषणं ऐकली. याहून स्वच्छ निरीक्षण मला कुणाकडून ऐकायला मिळालं नाही.

त्या भांड्यात घर नसलेल्या बारीक, सडपातळ अळ्याही होत्या. त्या चपळ होत्या आणि त्यांच्या अंगावर लांब केस होते. मामांनी त्यातल्या काही एका वॉच ग्लासमध्ये शेवाळासह वेगळ्या ठेवल्या, शेजारी ओढ्याची धुतलेली बारीक वाळू ठेवली. काही दिवसांनी त्याच सडपातळ अळ्यांची पोटं फुगली आणि त्या घरं बांधू लागल्या. या कुलाचं सगळ्यांत मोठं वैशिष्ट्य हेच. अळी पाच अवस्थांतून वाढते. पहिल्या चार अवस्थांत ती उघडी हिंडते आणि त्या लवकर आटोपतात. घर बांधते ती फक्त पाचव्या, शेवटच्या अवस्थेत, आणि त्यानंतर तिचं रूप इतकं पालटतं की जुनी आणि नवी अळी शेजारी ठेवली तर एकाच आईची लेकरं वाटू नयेत. घर बांधणारे इतर बहुतेक कॅडिसफ्लाय लहानपणापासून ते बांधतात आणि वाढत जातील तसं ते वाढवतात. हे कुल आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात एकदाच बांधतं.

बांधकाम आम्ही दोघांनी आलटून पालटून पाहिलं. अळी आधी स्वतःभोवती विरळ रेशीम विणते, मग आतून ते दाट करत जाते आणि त्यावर एकेक वाळूचा कण बसवते. हायड्रोप्टिलाचं घर दोन चपट्या भागांचं असतं. त्यांच्या कडा एकमेकींना जोडलेल्या आणि दोन्ही टोकांना फट. अळी आतल्या आत उलटी फिरू शकते, त्यामुळे ती कुठल्याही टोकाने बाहेर डोकावते. डेन्मार्कचे आंकेर निल्सेन यांनी या कुलाच्या वाढीचा आणि घरबांधणीचा सविस्तर अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध केला. तो माझ्या हाती पुष्कळ उशिरा आला. वाचताना मला प्रत्येक पानावर मामांची खिडकी दिसत होती. पाणी तेच ठेवायचं, वाळू मोजकी द्यायची, एका भांड्यात एकाच वयाच्या अळ्या, ही शिस्त मामांनी आपल्या बुद्धीने पाळली होती.

मामांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली, आणि माझ्या साऱ्या संग्रहाचा पाया तीच आहे. नमुन्याचं लेबल बाटलीच्या बाहेर चिकटवायचं नाही, आत टाकायचं. बाहेरचं लेबल कसर खाते, डिंक सुटतो, पावसाळ्यात बुरशी धरते. आत टाकायचं ते जाड, चांगल्या कागदावर आणि पेन्सिलने लिहून. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि महिन्याभरात कोरा कागद उरतो. ही गोष्ट संग्रहालयशास्त्राच्या पुस्तकांत आहे. मामांनी मात्र ती विभागातल्या जुन्या, निनावी झालेल्या बाटल्या पाहून काढली होती. "बाटलीत किडा हाय, पण कुठला ते कुणालाच ठावं न्हाई. मग ठिवून काय उपेग?" वर्गीकरणशास्त्राचं सार याहून वेगळं मला सांगता यायचं नाही.

आमच्या सरांचंही माझ्यावर ऋण आहे, आणि ते वेगळ्या जातीचं आहे. प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख म्हणून त्यांना माझ्या या वेडाला वाटेला लावता आलं असतं. त्या काळी कीटकांवर संशोधन म्हणजे ऊस आणि कापूस यांच्यावरच्या किडी, तेही राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांनी करायचं, असा समज होता. पाण्यातल्या, कुणाचंही नुकसान न करणाऱ्या, डोळ्यांना धड न दिसणाऱ्या जिवावर एका मुलीने पीएच.डी. करावी याला घरच्यांचा विरोध होता. सर माझ्या वडिलांना भेटायला संगमनेरला आले. काय बोलणं झालं ते मला दोघांनीही सांगितलं नाही. त्यानंतर विरोध संपला.

सरांनी मला मुंबईला पाठवलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या ग्रंथालयात, हॉर्नबिल हाऊसमध्ये, त्यांच्या नियतकालिकाचे जुने बांधीव खंड होते. त्यांत मार्टिन मोझली यांची भारतीय कॅडिसफ्लायवरची लेखमाला होती, १९३३ पासूनची. मोझली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले. गळाने मासे धरण्याच्या छंदातून त्यांना या कीटकांची ओढ लागली आणि त्यांनी १९२१ साली मासेमारांसाठी कीटकांवर पुस्तकही लिहिलं. भारतातल्या कॅडिसफ्लायची ओळख पटवायची तर आजही सुरुवात त्या लेखांपासून करावी लागते. त्यांच्या चित्रांतली रेघ मी ट्रेसिंग पेपरवर गिरवून आणली, कारण त्या वेळी तो खंड छायाप्रतीसाठी उघडून दाबायला मी धजले नाही.

त्यांच्यानंतर फर्नांड श्मिड. हे मूळचे स्वित्झर्लंडचे, पुढे कॅनडात स्थायिक झाले. १९५०च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढची काही वर्षं ते भारतभर फिरले, हिमालयापासून दक्षिणेच्या डोंगरांपर्यंत, आणि त्यांनी गोळा केलेल्या कॅडिसफ्लायवर आयुष्यभर काम केलं. ओल्या कातळावर राहणाऱ्या स्टॅक्टोबिया गटाची घडी त्यांनीच बसवली. मग १९७९ साली ब्रिटिश म्युझियममधूनच जे. ई. मार्शल यांचा हायड्रोप्टिलिडीच्या सगळ्या प्रजातींचा आढावा आला. भारतात तो मिळत नव्हता. मी एका परदेशी संग्रहालयाच्या ग्रंथपालांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, थेट छायाप्रतींचा गठ्ठा आला, पोस्टाचा खर्चही त्यांनीच केलेला. गठ्ठ्यावर सही होती ती वाचता येण्यासारखी नव्हती. त्या माणसाला मी आजवर शोधू शकले नाही.

मार्शल हाती आल्यावर माझं काम खरं सुरू झालं. प्रजाती ओळखायची तर आधी पायांवरचे काटे मोजायचे. पुढच्या, मधल्या आणि मागच्या पायाच्या नळीवर किती, असा आकडा लिहितात. हायड्रोप्टिलाचा ०-२-४, ऑर्थोट्रिकियाचा ०-३-४, स्टॅक्टोबियाचा १-२-४. मग डोक्यावर साधे नेत्र आहेत की नाहीत, छातीवरच्या पट्टिकांचा आकार काय, हे बघायचं. हायड्रोप्टिलाच्या नराच्या डोक्यामागे झाकणासारखी उघडणारी गंधग्रंथी असते. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी मामांना बोलावून दाखवली. जात ओळखायला मात्र पोटाच्या टोकाची, नराच्या जननांगांची रचना बघावी लागते. पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवून आतला मऊ भाग विरघळवायचा, मग ग्लिसरीनमध्ये घेऊन कॅमेरा ल्युसिडातून चित्र काढायचं. मादी बहुतेक वेळा नावाविना राहते. तीन मिलिमीटरच्या जिवाचं पोट सुईने सुटं करणं हे हाताचं काम आहे, आणि त्या सुया मला मामा करून देत. बाजारातल्या सुया जाड असत. मामा सगळ्यांत बारीक कीटकसुई काडीत बसवून तिचं टोक स्पिरिटच्या दिव्यावर वाकवून देत. शहरात कुठल्याही पैशांत ते हत्यार मिळालं नसतं.

अकोले तालुक्यात माझा मुक्काम शेंडीच्या एका मावशींकडे असे. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. त्याच्या बांधकामावर त्यांच्या सासऱ्यांनी काम केलं होतं. घर महादेव कोळी समाजाचं, ओसरी मोठी, अंगणातून प्रवरा ऐकू येई. प्रकाशसापळ्याची माझी सोय म्हणजे पांढरी चादर, पेट्रोमॅक्स आणि खाली अल्कोहोलची पसरट थाळी. एकट्या मुलीने रात्री नदीकाठी दिवा लावून बसायचं हे त्या गावात अवघड होतं. मावशींनी पहिल्याच संध्याकाळी चादर आपल्या ओसरीला टांगली आणि शेजारणींना सांगून टाकलं, "आमची लेक हाय, शिकती." त्या वाक्यानंतर मला गावात कुणी काही विचारलं नाही. पुढच्या सगळ्या वर्षांत मी तिथे ज्या निर्धास्तपणे वावरले तो त्या वाक्याचा आधार होता. संशोधनाच्या पद्धतीत प्रकाशसापळ्याची उंची लिहितात, दिव्याची शक्ती लिहितात. हा आधार कुठल्या रकान्यात लिहायचा?

मावशी माझ्याबरोबर बशीत डोकावत. ऑर्थोट्रिकियाचं घर निव्वळ रेशमाचं असतं, लांबट, तपकिरी आणि अंगावर उभ्या धारा. ते पाहून त्या म्हणाल्या, "ह्ये तर जिरं." माझ्याकडच्या इंग्रजी पुस्तकातही त्या घराची तुलना शहाजिऱ्याशीच केली होती. मी ते सांगितलं तेव्हा त्यांना काही विशेष वाटलं नाही. दिसतं तसं सांगितलं, एवढंच.

स्टॅक्टोबिया मला त्यांच्यामुळेच भेटला. हा कीटक वाहत्या नदीत राहत नाही. कातळावरून पाण्याचा जो पातळ थर ओघळतो, बोट बुडणार नाही इतका, त्यात राहतो. सह्याद्रीत पावसाळ्यात सगळाच कातळ ओला असतो, तेव्हा शोधून उपयोग नाही. प्रश्न असा की पाऊस गेल्यावर कुठला कातळ ओला राहतो. नकाशात ते नसतं. मावशींना ते माहीत होतं, कारण गुरं राखताना तहान लागली की तिथेच तोंड लावायचं. रतनवाडीच्या वाटेवरचा कुठला पाझर दिवाळीला बंद होतो, कुठला "होळीपातूर" चालतो, कुठला बारमाही, हे त्यांनी मला चालत नेऊन दाखवलं. होळीपर्यंत चालणाऱ्या एका पाझरावर, काळ्या बसाल्टवर, भिंगातून मला त्या गटातली पहिली घरं दिसली. कातळाला चिकटलेली, जवळून वाहून जाणाऱ्या पाण्याने नुसती ओली. त्या जागेच्या नोंदीत अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची सगळं आहे. ती नोंद पूर्ण व्हायची असेल तर तिथे एका गुराखी बाईचं ज्ञान लिहायला हवं.

जगात या कुलाची तऱ्हा आणखी न्यारी आहे. ऑस्ट्रेलियात ॲलिस वेल्स यांना ऑर्थोट्रिकियाच्या अशा जाती सापडल्या, ज्यांच्या अळ्या दुसऱ्या कॅडिसफ्लायच्या कोशात शिरून त्यांवर परजीवी म्हणून जगतात. शेवाळ शोषणाऱ्यांच्या घराण्यात हे निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. कुलाची मोठ्या वंशावळीतली जागाही अजून स्थिर नाही. कोणी त्याला नळीदार घरं बांधणाऱ्यांच्या जवळ ठेवतं, कोणी जाळी विणणाऱ्यांच्या, कोणी दोन्हींपासून वेगळं. जनुकांवरून केलेल्या अभ्यासांनीही हा वाद एका दमात मिटवलेला नाही. माझं मत विचाराल तर अजून कितीतरी अळ्यांची आणि प्रौढांची जोडी लागलेली नाही, तोवर नुसत्या जनुकांवर भिस्त ठेवू नये. अळी एका नावाने, प्रौढ दुसऱ्या नावाने, असं किती ठिकाणी चाललं असेल! जोडी लावायची तर अळी जिवंत वाढवावी लागते, आणि त्यासाठी खिडकीत भांडं ठेवून रोज बघणारा माणूस लागतो.

आपल्या जिल्ह्यात नदी आवर्तनावर चालते. धरणातून आवर्तन सुटलं की प्रवरेला एकाएकी पाणी चढतं, गोट्यांवरचं शेवाळ खरवडलं जातं. आवर्तन बंद झालं की उथळ कडेचे गोटे उघडे पडतात आणि घरात कोष करून बसलेले जीव तिथेच सुकतात. कोषावस्थेत अळी घर दगडाला पक्कं चिकटवते, दोन्ही फटी बंद करते, म्हणून तिला पाण्यामागे जाता येत नाही. शेतीला पाणी हवं हे मी नगरची लेक असल्याने जाणते, दुष्काळ मी पाहिला आहे. तरी पाणी टप्प्याटप्प्याने चढवता आणि उतरवता येईल का, हा प्रश्न विचारायला हवा. कॅडिसफ्लाय, मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या तिघांच्या संख्येवरून प्रवाहाचं आरोग्य मापायची पद्धत जगभर चालते. नदीचा नमुना तपासायला नेणाऱ्याने बाटलीत पाणी भरावं आणि एक गोटाही उलटून पाहावा, असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आले.

मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला आता गाड्यांच्या रांगा लागतात. काजवा सुंदर आहे, लोकांनी यावं. पण गाड्यांचे आणि हॉटेलांचे झगझगीत दिवे नदीकाठाला लागतात तेव्हा त्या रात्री पाण्यातून निघालेले हे केसाळ जीव दिव्यांपाशी येऊन मरतात. प्रौढाचं आयुष्य मोजक्या दिवसांचं. त्यातली एक रात्र दिव्यापाशी गेली तर अंडी घालायची राहतात. शेंडीच्या ओसरीवर मी एक दिवा लावत असे आणि काम झालं की मालवत असे. एवढं प्रत्येकाला करता येईल.

मामा निवृत्त झाल्यावरही येत राहिले. मी तोवर दुसऱ्या गावी शिकवायला लागले होते. ते एस.टी.ने येत, पिशवीतून बरणी काढत, गावाचं नाव सांगत. पाझर तलाव आटलेल्या वर्षी ते रिकाम्या हाताने आले आणि तळाची भेगाळलेली माती कशी दिसते ते सांगत राहिले. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मावशीही गेल्या. सरांनी दिलेली एक चिठ्ठी माझ्याकडे आहे. तिच्यात फक्त मुंबईच्या गाडीची वेळ आणि ग्रंथालयाचा पत्ता आहे.

त्यानंतर जे घडलं ते लिहिताना अजून त्रास होतो. एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र विभागाची जागा बदलताना जुना संग्रह काढून टाकला. अल्कोहोल उडून गेलेल्या बाटल्या, सुकलेले नमुने, कुणाला उपयोगी वाटले नाहीत. त्यांत मामांनी आणलेल्या शेवाळातल्या अळ्या होत्या, आत पेन्सिलने लिहिलेली लेबलं होती. गाव, तलाव, तारीख. ते शेवाळ, ते पाणी, तो काळ आता कुठून आणणार? सुकलेला नमुनाही पूर्ण मेलेला नसतो. ट्रायसोडियम फॉस्फेटच्या सौम्य द्रावणात भिजवला तर पुष्कळदा इतका मऊ होतो की त्याचं पोटाचं टोक पुन्हा तपासता येतं. फेकलेल्या नमुन्याचं काही करता येत नाही.

म्हणून ज्यांच्या हाती हे लिखाण पडेल त्या शिक्षकांना आणि परिचरांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या विभागाच्या कपाटात खालच्या फळीवर जुन्या बाटल्या असतील. त्या या आठवड्यात बाहेर काढा. अल्कोहोल सत्तर-ऐंशी टक्क्यांचं करून भरा, झाकणं बदला. लेबल फिकं झालं असेल तर ते तसंच आत राहू द्या आणि नवीन लेबल पेन्सिलने लिहून त्याच्या शेजारी टाका. त्यावर जागा लिहा, तारीख लिहा, आणि नमुना ज्याने आणून दिला त्याचं नाव त्याला विचारून लिहा. परिचर असला, गुराखी असला, नदीवर धुणं धुणारी बाई असली, तरी लिहा. कपाट रिकामं करायचंच असेल तर बाटल्या फेकण्याआधी पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाच्या केंद्राला एक पत्र टाका आणि उत्तर येईपर्यंत थांबा.